लग्नाची गोधडी

"कोपर आवर गं, बार्बरा! सुई काय माझ्या डोळ्यात घालतेस?" लिझबेथची थोरली काकू पुटपुटली. मातीच्या ढेकळांनी रचलेल्या त्या घरात लाकडी चौकटीवर लिझबेथच्या लग्नाची गोधडी ताणलेली होती आणि चारी बाजूंनी काकवा, वहिन्या दाटीवाटीने टाके घालत होत्या. भिंतीकडे बसलेल्या लिझबेथला उठायचं म्हटलं तरी वाट नव्हती.

पेनसिल्व्हेनियाहून पश्चिमेला निघताना तिच्या बापाने आणि काकांनी कशात कसूर केली नव्हती. नांगर, बियाणं, कोबी आंबवायच्या बरण्या, जर्मन बायबल, सगळं गाड्यांत भरलं. परकं माणूस तेवढं एकही घेतलं नाही. आता नेब्रास्काच्या माळावर गहू जोमात होता, पोरी लग्नाच्या झाल्या होत्या आणि नजर जाईल तिथवर सगळे चुलतभाऊच! जर्मन न बोलणारा जावई तर चालणारच नव्हता. म्हणून बार्बराकाकूचा कास्पर ठरला.

"पोरगा गुणाचा आहे हो," एक वहिनी म्हणाली.

"आणि सासू घरचीच!" दुसरी हसली.

सासू घरचीच होती. लिझबेथ जन्मली आणि तिची आई गेली, तेव्हापासून तिला बार्बराकाकूनेच वाढवलं होतं. लिझबेथने मान वर केली नाही, पण डोळ्यांतलं पाणी गोधडीवर पडलंच. ते सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्याच भराभर टाके घालू लागल्या.

बार्बराकाकूने मात्र सुई खाली ठेवली.

"पुरे करा, बायांनो," ती म्हणाली. "दोघांना मी अंगावर पाजलंय. बहीणभावाचं लग्न लावायला निघालोय आपण."