मागचे दोन टायर

"हवा बघितल्याबिगर गाडीला हात लावायचा न्हाय. मागं पन्नास जीव बसलेले असत्यात." धोंडप्पा उस्तादांचा हा आवाज बब्रुवानच्या कानात पडला त्याला चाळीस वर्षं झाली. एसटीचा डेपो होता, अंगावर नवी खाकी होती, तिची घडीही मोडली नव्हती. उस्ताद गेले, नोकरी संपली, आवाज मागं राहिला. म्हणून तर आज जळकोटला, आसिफच्या टायरच्या दुकानात बब्रुवान असा तावातावानं बोलत होता.

"ह्या डोंगर कंपनीचं नाव काढू नको. खेपेच्या आदल्या सांजेला पंपावर जाऊन चारी चाकं भरतो. पुढच्या खेपेला बघावं, तर मागच्या दोन्हीत हवा कमी. दुसरी कंपनी दाव."

गाडी जॅकवर चढली होती. त्याची बायको द्वारकाबाई खाली उतरून लिंबाच्या सावलीत खुर्चीवर बसली होती, कमरेला पट्टा, हातात चहाचा कप. भिंतीला टेकून दोन नवे टायर शेजारी शेजारी उभे होते, सोयरिकीसाठी पाहुण्यांपुढं उभ्या केलेल्या पोरांसारखे. एक डोंगर, एक सारंग.

"सारंग मऊ हाय मामा," आसिफ म्हणाला. "गचका पोटात घेतो, पण झिजतो लवकर. डोंगर कडक. पन्नास हजार किलोमीटर बघायला नको."

"मऊ घेऊन काय करू? उशाला घेऊन निजायचंय व्हय? हवा कोण धरतो, तेवढं सांग."

आसिफ खदखदून हसला. द्वारकाबाई कपात बघत राहिली.

अडीच वर्षांपूर्वी माळवदाच्या शिडीवरून तिचा पाय निसटला. मणक्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून दर सोमवारी अन् गुरुवारी लोहाऱ्याहून सोलापूरला व्यायामासाठी न्यावं लागायचं. पुण्याचा लेक, श्रीनाथ, म्हणाला, एखादा ड्रायव्हर ठेवा. बब्रुवाननं ऐकलं नाही. त्यानं जुनी गाडी घेतली आणि स्वतः चाकामागं बसला. तीस वर्षं त्यानं परक्या माणसांना ज्यांच्या त्यांच्या गावाला पोचवलं होतं. त्या तीस वर्षांत द्वारकाबाईनं दोन बाळंतपणं काढली, अंथरुणाला खिळलेली सासू काढली, तीही एकटीनं, आणि मुक्कामाच्या गाडीवरून तो कधीही परतला तरी तिचा तवा गरम असायचा. आता त्याच्या गाडीला मागच्या सीटवर एकच प्रवासी होता. देवानं ही फेड करायची संधी दिली, म्हणून तो गाडी सुरू करताना स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावायचा. अडीच वर्षांत एक खेप चुकली नव्हती.

आसिफनं मागचं चाक काढलं. पाण्याच्या हौदात बुडवून गरागरा फिरवलं. एक बुडबुडा आला नाही. हवा भरायच्या तोंडाला थुंकी लावून बघितली. तिथंही काही नाही. दुसऱ्या चाकाचंही तेच. मग त्यानं टायरवरून बोट फिरवलं आणि तो थांबला. मधली नक्षी शाबूत होती. दोन्ही कडा मात्र घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

"मामा, टायरात खोट न्हाय. हा कमी हवेवर पळालाय. पुढचे दोन ठणठणीत हायेत. मागच्यात भरायचं राहत असंल तुमचं."

"भरतो म्हनलं की!"

"वाटतं माणसाला. आमचे अब्बा नमाज पढून उठायचे आन् लगीच विचारायचे, पढली का रे म्या?" आसिफ हसला. मग त्याचा आवाज खाली आला. "पर हसण्यावारी नेऊ नका. हायवेला पळताना फुटला असता, तर मामीला घेऊन कुठं गेला असता तुमी?"

बब्रुवानला एकेक आठवू लागलं. गेल्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून तो शेताकडं निघून गेला होता. परवा श्रीनाथला त्यानं थोरल्या भावाच्या नावानं हाक मारली होती. तेव्हा दोघंही हसले होते. आता हसू येईना. त्यानं आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं. तीस वर्षांत ज्या हातांनी साधं कोंबडंही चाकाखाली येऊ दिलं नव्हतं, त्या हातांची त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

त्यानं खिशातली किल्ली काढली आणि आसिफच्या टेबलावर ठेवली.

"टायर कुठलाबी बसव. गाडी घरापतूर तूच आणून सोड," तो म्हणाला. "गुरुवारपासनं ड्रायव्हर बघतो. हिला न्यायची लायकी न्हाय राहिली माझी."

खुर्ची करकरली. द्वारकाबाई उठली. आसिफ हात द्यायला धावला, तिनं मानेनंच नको म्हटलं. सावलीपासून टेबलापर्यंत आठ-दहा पावलं होती. ती एकेक करून चालली. किल्ली उचलली, नवऱ्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं तिच्यावर मिटवली. मग अंबाड्यात हात घालून तिनं एक काळी पिन काढली.

"तुमी काय बी इसरला न्हाय," ती म्हणाली. "खेपेच्या सकाळी तुमी आंघोळीला गेला, की मागच्या चाकांची हवा म्याच सोडायचे, ह्या पिनेनं. कडक चाकाचा गचका थेट मणक्यात जायचा. पर एवढ्या जिवानं न्हेणाऱ्या माणसाला, दुखतंय म्हणून सांगायला माझी जीभच उचलली न्हाय, आवो."