पांढरं कार्ड

"सुई कायले टोचता बाई? पिवळं कार्ड लिवून टाका ना," सेवालालनं तिसऱ्यांदा सांगितलं.

मानोऱ्याजवळच्या त्यांच्या तांड्यावर सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी चालली होती. सेवालालचं स्वतःचं कार्ड लाल. हाडं ठणकायला लागली की त्याचं कण्हणं तांडाभर ऐकू जायचं. बायको धनीबाई निर्दोष, तिचं कार्ड पांढरं. आता पाळी एकुलत्या एका लेकीची, मंजूची होती.

तिला पसंत करून गेलेला नवीन नावाचा मुलगा पिवळ्या कार्डाचा. दोन पिवळी एकत्र आली तर पोटी लाल लेकरू येऊ शकतं. म्हणून त्याचा बाप सोमला म्हणाला होता, आधी कार्ड, मग सगाई.

तपासणीला आलेल्या वैभवी सिस्टरनं तळहातावर सोयाबीनचे दाणे घेतले. "दादा, हरेकाजवळ असे दोन दाणे. लेकराले एक आईचा भेटते, एक बापाचा. एक किडका असला तं पिवळं. तुमचे दोन्ही किडके. मंग तुमी कोणता द्याल?"

"किडकाच."

"म्हणजे मंजू पिवळी तं निघनच. पण तपासल्याबिगर लिवता येत नाई."

धनीबाई भडकली. "तुमी काहून पिवळ्याच्या मांगं लागले? पोरीची सोयरीक मोडाची हाय का?"

सेवालालनं मंजूचा हात धरून ठेवला. त्याची नजर सुईवरून हटेना. आपलं दुखणं लेकीला दिलं, याचाच हा घोर, असं धनीबाईला वाटलं आणि तिचा राग ओसरला.

"लय जीव हाय त्याइचा पोरीवर," ती सिस्टरला म्हणाली. "ऊसतोडीवर पाचटाच्या कोपीत झाली ही. तीन दिस तापात मले शुद्ध नोती, याइनंच सांभाळली. बाजूच्या कोपीतली भुरीबाई त्याच हप्त्यात बाळंत झाली. सहावी पोर. तिची गेली, माही वाचली."

सिस्टरनं मंजूचं रक्त घेतलं.

पंधरा दिवसांनी सिस्टर कार्ड घेऊन आली. पांढरं! धनीबाई आनंदानं रडलीच. बोलणी करायला आलेल्या सोमलाच्या हातावर तिनं गूळ ठेवला. "पाहा, बापानं काईच नाई देल्लं पोरीले!"

सिस्टर हसली नाही. सोमलानं गूळ तोंडात टाकला नाही.

"याचे दोन्ही दाणे किडके ना बाई? मंग पोरगी पांढरी कशी?" दाण्यांचा हिशोब ऐकलेल्या सोमलानं सिस्टरला विचारलं.

जमलेल्या बायकांच्या माना एकेक करून धनीबाईकडे वळल्या. तिचा चेहरा उतरला.

"मी काई नाई केलं वो," ती नवऱ्याला म्हणाली. "मंजूची शपत."

सेवालाल गुडघ्यावर हात टेकत उठला आणि तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. मंजूकडे पाहायची त्याची हिंमत झाली नाही.

"तिच्याकडं तसं पाहू नका," तो बायकांना म्हणाला. "तवा गेलेली पोर भुरीबाईची नोती."