पहिलं पोतं

“पिकलं की पहिलं पोतं बहिणीच्या दारात उतरायचं,” असं वडील भावाला बजावून गेले. तो आवाज ताईच्या कानात अजून घुमत होता.

भाऊ मात्र दरवर्षी पडलेला चेहरा घेऊन यायचा. कोरड्या वर्षी म्हणायचा, “काय सांगू ताई, सगळं करपलं.” ओल्या वर्षी म्हणायचा, “काय सांगू ताई, उभं पीक कुजलं.” ताई त्याला पोटभर जेवू घालायची. दाराशी उभी त्याची नवी कोरी गाडी तिला दिसायची, पण माहेर तुटू नये म्हणून ती गप्प राहायची.

आज तो गिऱ्हाईक घेऊन आला होता. जमीन दोघांच्या नावावर, तिच्या होकाराशिवाय विकता येईना.

“दुष्काळ असो नाहीतर अतिवृष्टी, या मातीनं एकही वर्ष दगा दिला नाही,” भाऊ छाती फुगवून म्हणाला. “हवं तर आमच्या ताईला विचारा.”

ताईनं चहाचा कप त्याच्यापुढे जरा आपटूनच ठेवला आणि गिऱ्हाइकाकडे वळली.



“तीस वर्षांत त्या जमिनीत दाणासुद्धा पिकलेला नाही, दादा, आणि माझा भाऊ काही माझ्याशी खोटं बोलायचा नाही.”