दारातला उतार

कॅलमने गाडीतच शर्ट बदलला. बदलल्यावर त्याच्या लक्षात आलं, की याही शर्टाच्या खांद्यावर एल्सीने दूध ओकून ठेवलंय.

आता इलाज नव्हता. तिसरा शर्ट ब्रिडीने दिलाच नव्हता. तिने दिला होता लिंबाचा केक. बाळाला कडेवर घेऊन एका हाताने केलेला, त्यामुळे एका बाजूने बसलेला. ‘बसलेली बाजू तुझ्याकडे कर,’ असं बजावूनच तिने डबा हातात ठेवला होता.

इप्सविचहून खाणीच्या या गावात तो पहिल्यांदाच येत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांपुढे ‘विकणे’, ‘भाड्याने देणे’ अशा एजंटांच्या पाट्या उभ्या होत्या. पुढे पुढे पाट्या वाढतच गेल्या. डल्सीबाईंच्या दारापुढे पाटी नव्हती. अजून तरी नव्हती.

आज त्या नाही म्हणाल्या, तर चार महिन्यांच्या पोरीला घेऊन कुठे जायचं, हे त्याला माहीत नव्हतं.

दाराशी पायऱ्यांऐवजी सिमेंटचा उतार होता. बाजूला लोखंडी कठडा. कॅलमने जाता जाता कठड्यावरून हात फिरवला.

“पाय पुसून ये,” आतून आवाज आला. “लाल माती एकदा घरात शिरली, की फुकट राहते.”

डल्सी सत्तरीची होती. अजूनही खाणीच्या मेसमध्ये सकाळचा नाश्ता बनवायला जायची. तिच्यामागून एक म्हातारा कुत्रा आला आणि कॅलमचे बूट हुंगू लागला.

“कुत्र्याचं वावडं नाही ना?”

“मुळीच नाही. उलट आवडतात मला.”

“हं. सगळे असंच म्हणतात.” तिने डब्याचं झाकण उचललं आणि केक गोल फिरवून बसलेली बाजू बघितली. “बायकोने केला?”

“हो, ब्रिडीने.”

“बाळ लहान आहे वाटतं.”

“केकवरून कळलं?”

“शर्टावरून.” तिने ओला फडका घेतला आणि त्याचा खांदा खसाखसा पुसला. शाळेत निघालेल्या पोराचा पुसावा तसा.

“तुझ्याआधी तिघं येऊन गेले,” डल्सी म्हणाली. “एक म्हणाला, गवत मी कापून देईन. दुसरा मोठा टीव्ही देतो म्हणाला. तिसऱ्याने तर माझ्या केसांचं कौतुक केलं. मेल्याला चष्मा लावायला सांगितलं मी.”

कॅलम हसला नाही. टीव्ही देणं त्याला परवडणार नव्हतं.

“चल, घर बघून घे. सगळं डोळ्यांनी बघ, मगच बोल.”

तिने काहीही झाकून ठेवलं नाही. न्हाणीतला नळ ठिबकत होता. झोपायच्या खोलीतला पंखा कुरकुरत होता. स्वयंपाकघराच्या छतावर ओल उतरून तपकिरी डाग पडला होता.

“चालेल,” कॅलम प्रत्येक ठिकाणी म्हणत होता. “ते मी करून घेईन. हेही करून घेईन.”

नळाशी तर तो बसलाच. गाडीतला पाना आणून त्याने वायसर काढला, खिशातला दुसरा घातला. ठिबकणं थांबलं. डल्सी दाराला टेकून बघत होती.

“वायसर खिशात घेऊन फिरतोस?”

“वाटेत घेतला. जुनी घरं, म्हटलं लागेल.”

मग दोघं चहाला बसली. केक चांगला झाला होता.

“सध्या राहता ते घर?” तिने विचारलं.

“लहान आहे. पण एल्सी तिथेच जन्मली. म्हणजे, हॉस्पिटलातून तिथेच आणली.” त्याने कप फिरवला. “या महिन्यात तोडगा निघाला नाही, तर बँक ते काढून घेईल. लपवून काय करू.”

डल्सीने त्याच्या कपात आणखी चहा ओतला. “खाण जोरात होती ना, तेव्हा या गावात भल्याभल्यांची डोकी फिरली. शहरातली शहाणी माणसं फोनवर घरं घ्यायची. न बघता! भाजी घेताना तरी लोक दाबून बघतात. आता गावातली निम्मी घरं ओस पडलीत.”

कॅलमचे कान लाल झाले. त्याने केकचा चुरा बोटाने गोळा केला.

“भाड्याचं कसं करायचं?” डल्सीने विचारलं.

“तुम्ही म्हणाल तसं.”

“असं बोलू नये रे पोरा. असं बोलणाऱ्याला जग नागवतं. आहे तेच राहू दे. वर नको, खाली नको.”

“आणि मुदत? निदान दोन वर्षं तरी?”

“सत्तरीच्या बाईकडून दोन वर्षांचा शब्द घेतोस? धीट आहेस.” ती उठली आणि खिडकीशी गेली. बाहेर उतारावर ऊन पडलं होतं. कुत्रा त्यावर पाय ताणून झोपला होता. “ब्रिडीला आण एकदा. पायऱ्या नाहीत, बाळगाडी सरळ आत येते.”

कॅलमने कप खाली ठेवला. “म्हणजे... हो?”

“रडू नकोस. आत्ताच पुसलाय शर्ट.”

“त्या तिघांनी एवढं देऊ केलं,” तो म्हणाला. “मी तर नुसता केक आणला.”

“तिघांचीही घरं याहून चांगली आहेत.” डल्सी खुर्चीत बसली आणि तिने चष्मा चढवला. “पण माझा नवरा, रॉन, चाकाच्या खुर्चीत आला, तेव्हा मी एजंटाकडून विचारलं होतं, दारातल्या पायऱ्या फोडू का. त्याच दिवशी तुझं उत्तर आलं, ‘फोडा, आणि कठड्याचे पैसे मी देतो.’ शेवटचा सगळा हिवाळा रॉन बाहेर उन्हात बसला रे. चल, काढ तो करार. भाडेकरूने सही कुठे करायची, घरमालक?”