चार काटे

"गाडी उजव्या वळणात एक वागते आणि डाव्या वळणात भलतंच," बाबा म्हणाले. "शिवाय स्टिअरिंग जड झालंय. कालच्यापेक्षा जास्तच."

मुलगी गाडीखालून बाहेर आली. सकाळपासून तिसऱ्यांदा ती तेच सगळं तपासत होती. टायरमधली हवा, चाकांची बेअरिंगं, स्टिअरिंगपासून चाकांपर्यंत जाणारे दांडे, त्यांचे सांधे. गाडीच्या दोन्ही अंगांना दोऱ्या ताणून बांधल्या होत्या आणि पोलादी पट्टीनं प्रत्येक चाकाचं दोरीपासूनचं अंतर मोजलं होतं. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता.

"सगळं जागच्या जागी आहे, बाबा."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तसं कुठं म्हणाले मी?"

शेजारच्या गाळ्यातला टायरवाला चहाचा कप घेऊन दारात उभा होता. "गाडीचं डोकं दुखायला लागलं ना, की आधी चालवणाऱ्याला गोळी द्यावी," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. एरवी बाबांनी त्याला दोन सुनावल्या असत्या. आज ते नुसते हातमोजे ओढत राहिले. टायरवाला कप घेऊन परत गेला.

पावणेचारला शर्यतीचा ट्रॅक उघडणार होता. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. शेवटच्या वळणाला बाहेरच्या अंगानं भिंत होती आणि काल गाडी त्या भिंतीपासून हातभर अंतरावरून गेली होती. ते तिनं कठड्यापाशी उभं राहून पाहिलं होतं. कारण सापडल्याशिवाय ती आज गाडी बाहेर सोडणार नव्हती. कारण सापडो न सापडो, बाबा जाणार होते.

तिची नजर सीटवर गेली. सीटवर वाळूची तीन पोती होती, वरच्या पोत्यावर खडूनं बाबांचं हेल्मेटसकट वजन लिहिलं होतं: ७८. रिकाम्या गाडीचं माप कधी घ्यायचं नाही, हा बाबांचाच धडा. चालवणारा बसला की एक कोपरा दबतो, दुसरा उचलला जातो आणि चाकं तसूभर वळतात. म्हणून माप घेताना बाबा स्वतः बसायचे, हेल्मेट घालून. या वर्षी मात्र ते पोत्यांवर भागवत होते.

"पोती काढते. तुम्ही बसा."

"पोत्यांचं काय वाईट आहे? निदान बडबड तरी करत नाहीत."

"बसा, बाबा."

"अगं, पस्तीस मिनिटं राहिलीत!"

"मग वाद कशाला घालताय?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग हेल्मेट उचललं. "बरं. तू पोती बाहेर ठेवून ये. मी बसतो."

एकेक करत तिनं तिन्ही पोती बाहेर, मागच्या भिंतीशी नेली. ती परतली तेव्हा बाबा सीटवर बसलेले होते आणि दार लावलेलं होतं. गाडी चार वजनकाट्यांवर उभी होती, प्रत्येक चाकाखाली एक. तिनं काट्यांचे आकडे दाखवणारा बाकावरचा पडदा सुरू केला. एकूण सहाशे सत्तर. पोत्यांसकटही सहाशे सत्तरच होतं.

"बघ," बाबा आतून म्हणाले. "तेवढंच आहे. उगाच वेळ घालवलास."

वहीतले सकाळचे आकडे तिनं पडद्यावरच्या आकड्यांशी एकेक करून ताडून पाहिले. पुढचे दोन काटे मिळून सहा किलो जास्त दाखवत होते. मागचे दोन सहा किलोच कमी. एकूण वजन तेच होतं, पण ते सगळं सीटवर नव्हतं. पुढं सरकलेलं होतं.

ती दारापाशी गेली.

"पायाशी काय आहे?"

"काय असणार? पाय."

तिनं दार उघडलं आणि आत हात घातला. बाबांनी गुडघे आवळले, मग सोडले. पेडलांच्या अलीकडे शिशाची लादी होती. हलक्या ड्रायव्हरांच्या गाडीत वजनाला घालतात, तशी. एरवी ती बाकाखाली पडलेली असायची. दोन्ही हातांनी ओढून तिनं ती बाहेर काढली आणि जमिनीवर ठेवली. लादीवर आकडा कोरलेला होता: १५.

पडद्यावर आता सहाशे पंचावन्न होते.

वजाबाकी करायची गरज नव्हती. तरी तिनं वहीच्या कडेला केली, आणि मग पुन्हा एकदा.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर काय, बोलत असतात." बाबांनी हेल्मेटची काच खाली ओढली. काचेतून त्यांचे डोळे दिसेनात. "गाडी वळणात अशी का वागते ते कळलं ना तुला? झालं तर मग. त्रेसष्ट किलोला बसव. अजून पंचवीस मिनिटं आहेत."

गाडी वळणात तशी का वागत होती, ते तिला कळलं होतं. स्टिअरिंग जड का झालं होतं, तेही. त्या जडपणासाठी मात्र गाडीत फिरवण्यासारखा एकही नट नव्हता.

तिनं पाना उचलला. पुढच्या चाकाशी गुडघे टेकून बसली. पाना नटावर ठेवला, पण फिरवला नाही.

"त्रेसष्टला बसवू," तिनं चाकाकडे पाहतच विचारलं, "की अजून उतरणार आहे?"

बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. दारातून हॉर्न ऐकू आला, कोणाची तरी गाडी रांगेकडे निघाली. बाकावरच्या पडद्यावर शेवटचा आकडा पाच होत होता, सहा होत होता, पुन्हा पाच होत होता. तो काही केल्या स्थिर होईना.