गुणगुण

जॅझ पियानोवादक सोमशेखर वाजवताना नेहमी गुणगुणत. बोटे सुरावर पोहोचण्याआधी त्यांचा गळा तिथे जाऊन थांबलेला असे. चाळीस वर्षे परक्या शहरांतल्या हॉटेलांत इतरांच्या रचना वाजवून ते कोल्हापुरात परतले आणि कळंब्याच्या एका लहानशा स्टुडिओत त्यांनी स्वतःच्या सात रचना ध्वनिमुद्रित केल्या. ते गेल्यावर महिन्याभराने त्यांची मुलगी शिवांजली त्या ऐकायला बसली. पियानो लखलखीत वाजत होता, पण त्यामागे वडील कुठेच नव्हते.

ती तडक स्टुडिओत गेली.

"आप्पांचा आवाज कुणाला विचारून पुसलासा?" तिचे शब्द काचेवर आदळत होते. "बोटं तेवढी ठेवलीसा न् माणूस पुसलासा!"

"ताई, बसा की जरा," रेकॉर्डिस्ट अरिहंत मान खाली घालून म्हणाला.

"बसत न्हाय. मूळ रेकॉर्डिंग काढा."

"ते पण ऱ्हायलं न्हाय."

"लाज वाटत न्हाय सांगायला?"

अरिहंतने मोबाइलमध्ये दोन वर्षांपूर्वीचा एक निरोप शोधून लावला. त्यातला आवाज शिवांजलीचा होता.

 

"अरिहंतदादा, आप्पांची ती गुणगुण सगळीकडनं काढून टाका, लोकांत लाज वाटती हो. आणि मूळ रेकॉर्डिंग पण ठेवू नका, न्हायतर आप्पा परत घालायला लावतील."