लहरीचं जहाज

पडदा उघडायच्या आत ड्रमवाल्याने कानातला इअरफोन दोनदा बसवला आणि दोन्ही वेळा शिवी हासडली. त्यातून त्याला सारखी टकटक ऐकू येणार होती, आणि त्या टकटकीच्या मागेपुढे एक ठोकाही पडता कामा नये, असा दिग्दर्शकाचा हुकूम होता.

लहरी माईकपाशी उभा राहून गालात हसला. बँडचा गायक तो, आणि हे नाव त्याला लोकांनीच ठेवलेलं. हातातलं गाणं संपेपर्यंत पुढचं कोणतं हे खुद्द त्यालाच माहीत नसायचं. मागे वळून नुसती भुवई उडवायची, की वाजवणारे समजून जायचे. हॉलच्या शेवटच्या रांगेमागे दिव्यांच्या टेबलाशी बसणारी त्याची थोरली बहीण तर त्यांच्याही आधी समजायची. तिला सगळेच ताई म्हणत. भावाच्या नुसत्या खांद्यावरून तिला गाणं कळतं, अशी तिची ख्याती होती.

आता मोठा दौरा मिळाला होता आणि त्याच्याबरोबर हा दिग्दर्शक गळ्यात पडला होता. त्याने बसवलेला प्रयोग म्हणजे एका जहाजाची गोष्ट. मागे भलंमोठं पांढरं शीड, धुकं, वादळ, विजा. गाण्यांचा क्रम पक्का, आणि दिव्यांची सगळी उघडझाप मशीनमध्ये आधीच भरलेली. ड्रमवाल्याच्या कानातली टकटकही त्याच मशीनची. मशीन आलं की दिव्यांना माणूस लागत नाही. म्हणजे दौऱ्याच्या बसमध्ये ताईला जागा नाही.

घड्याळ लावून कुणी गातं का, असं म्हणत लहरीने महिनाभर सगळ्यांचं डोकं खाल्लं. शेवटी आयोजकांनी तोडगा काढला. आज मध्यंतरापर्यंत जहाज, नंतर लहरीची मर्जी. ज्याच्यासाठी हॉल उभा राहील, तेच दौऱ्यावर जाईल. लहरीने सगळ्यांदेखत शब्द दिला आणि मग ताईला बाजूला घेतलं.

"तू बॅग भरून ठेव. यांचं जहाज बंदरातच बुडतंय."

"तू नीट गा," ताई म्हणाली. "बाकीचं मी बघते."

बघण्यासारखं तिला काही नव्हतंच. पहिल्या भागात तिने दिग्दर्शकाशेजारी हाताची घडी घालून बसायचं होतं.

धुकं सुटलं, गिटार गरजली आणि जहाज निघालं. पहिल्या गाण्याच्या मध्यावर अचानक सगळं गुडुप झालं. लहरीला स्वतःचा हातसुद्धा दिसेना. तालमीत हे नव्हतं. हा दिग्दर्शक गडी नाटकी आहे खरा, असं त्याच्या मनात येतंय तोवर शिडाच्या कडेला एक निळी रेघ उगवली आणि पसरत पसरत तिचा समुद्र झाला. हॉलचा श्वास अडकलेला त्याला ऐकू आला. त्याने मागे पाहिलं, तर ड्रमवाल्याने इअरफोन उपटून गळ्यात टाकलेला. जित्याची खोड, म्हणत लहरी पुढे वळला, आणि त्याला मनातून बरंच वाटलं.

दुसऱ्या गाण्यापासून त्याच्या अंगातच आलं. विजा अगदी ठोक्यावर पडत होत्या. वादळाच्या गाण्यात त्याला खोडी सुचली. मशीनची फजिती करायची म्हणून त्याने एक सूर ठरल्यापेक्षा कितीतरी लांबवला.

वीज थांबली. त्याने सूर सोडला आणि मगच ती कडाडली.

योगायोग असेल म्हणून त्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. एक कडवं गाळलं, तर उजेडही ते कडवं सोडून पुढे. लहरी चक्रावला. मग त्याला आठवलं, तालमीत दिग्दर्शक कोपऱ्यात बसून सारखं काहीतरी टिपायचा. आपल्या लहरीसुद्धा मोजून त्याने मशीनमध्ये भरल्या असणार! आपण इतके ठरावीक झालो, याची त्याला लाज वाटायला हवी होती. पण त्याला इतका आनंद झाला होता की लाजेला जागाच उरली नाही. शेवटच्या गाण्याला अख्खा हॉल उभा होता.

मध्यंतरात दिग्दर्शक रंगमंचामागे फिरकला नाही. नुसता निरोप आला, सगळं ठीक आहे, पाणी प्या.

मग लहरीची मर्जी सुरू झाली. त्याने भुवई उडवली, आवडती गाणी बाहेर काढली, लोकांनी ओरडून मागितलेलं एक गायलं. पण दिवे रेंगाळत होते. दोन ठिकाणी तो अंधारातच गायला. ताईचा हात जड झाला होता. रुसली असेल, नाहीतर वय झालं असेल. टाळ्या पडल्या, पण बसून.

शब्द म्हणजे शब्द. त्याने माईक ओढला.

"उद्यापासून जहाज. मी हरलो, आणि हरून इतकी मजा मला कधी आली नव्हती."

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. गर्दी बाहेर पडत असताना तो उलट दिशेने, खुर्च्यांमधून वाट काढत दिव्यांच्या टेबलाकडे निघाला. अंग अजून नाचत होतं. ताईला कसं सांगायचं, ते तो मनात घोकत होता.

ताई डोळे मिटून खुर्चीत रेलली होती. दिग्दर्शक तिच्यापुढे गुडघे टेकून बसला होता आणि तिच्या हातांची आखडलेली बोटं एकेक करून उघडत होता.

"ताई, रागावू नकोस," लहरी म्हणाला. "पण खोटं कसं बोलू? माझा श्वास तुझ्याइतका कुणाला कळत नाही, असं मला वाटायचं. आज या मशीनला तुझ्याइतकाच कळला."

दिग्दर्शकाने मान वर केली. त्याचा चेहरा घामाने निथळत होता.

"मशीन?" तो म्हणाला. "ते तर पहिल्या गाण्यात बंद पडलं, ते अजून बंदच आहे."